परीक्षेपुरती जागा

बेदाण्याचे दिवस आले की आमच्या घराला वास येतो. ओल्या द्राक्षांचा गोडसर वास, त्यात द्राक्षं बुडवून काढायच्या तेलाचा, आणि संध्याकाळी शेडमध्ये गंधकाची धुरी दिली की घशाला झोंबणारा तिसराच. तो कपड्यांत शिरतो, उशीत शिरतो, शाळेत डबा उघडला की पोळीलासुद्धा येतो. लग्न होऊन तासगावजवळच्या या गावात आले तेव्हा पहिल्या वर्षी मला मळमळायचं. पुढं सवय झाली, आणि नंतर तर तो वास आला की बरं वाटायला लागलं. हंगाम सुरू झाला, माणसं आली, घर हलतं झालं.

यंदा तो वास आला तेव्हा मी मागच्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. माझा नवरा विलास म्हणाला, "अगं, मार्चात कुणी खिडक्या लावतं का?" मी म्हटलं, धूळ येते.

आमच्या घराच्या मागं बेदाण्याची शेड आहे आणि पुढं रस्त्यापलीकडं शाळा. मी त्या शाळेत मराठी शिकवते. दहावीची परीक्षा आणि बेदाणा एकाच वेळी येतात, त्यामुळं या दिवसांत गावात सगळेच आभाळाकडं बघत असतात. बागायतदारांना अवकाळीची धास्ती, आणि दहावीच्या पोरांना काय दिसतं आभाळात कुणास ठाऊक, पण तीही वर बघत पाठ करतात. शेडमध्ये हिरव्या जाळीच्या आडोशाला एकावर एक थर, प्रत्येक थरावर पसरलेली द्राक्षं. वाऱ्यानं ती हळूहळू आक्रसतात. वाळली की खाली झाडून घ्यायची, आणि मग बायका गोल करून बसतात, काड्या वेचतात, काळा मणी वेगळा, पिवळा वेगळा, हिरवा वेगळा. मोबाइलवर गाणी चालू असतात. हात थांबत नाहीत.

गेल्या वर्षीपर्यंत त्या बायकांत मंगल असायची आणि शाळा सुटल्यावर तिच्या शेजारी तिची अश्विनी.

अश्विनीला घरी आशी म्हणायचे. दहावीत होती, माझ्याच वर्गात. तिचा बाप तानाजी, पोरींचे अण्णा, आमच्या शेडचा जुना माणूस; धुरी द्यावी तर त्यानंच, बेदाण्याचा रंग त्याच्या हातून कधी बिघडला नाही. ही पोरगी आईच्या शेजारी मांडी घालून बसायची, मांडीवर पुस्तक आणि हात बेदाण्यात. पान उलटायचं तर मनगटानं उलटायची, बोटं चिकट असायची ना. शाळेत ती मला मॅडम म्हणायची आणि शेडवर काकू. रस्ता ओलांडला की हाक बदलायची, कधी चुकली नाही. मला त्याची गंमत वाटायची. वर्गात निबंध वाचताना "मॅडम, शेवट कसा करू?" म्हणणारी पोरगी तासाभरानं मागच्या दारात येऊन "काकू, वाईच पाणी द्या की" म्हणायची.

माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्या नववीच्या वर्गात सुरेखा नावाची मुलगी होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली ती पत्रिका घेऊनच. वर्गभर वाटल्या. आम्ही सगळ्या मैत्रिणी नटूनथटून लग्नाला गेलो, आणि पहिल्या पंगतीला आमचे वर्गशिक्षक बसले होते. त्यांनी तिला आशीर्वाद दिला, आहेर म्हणून पितळेचा तांब्या दिला. कुणाला काही चुकतंय असं वाटलं नाही. मलाही नाही, मला तिच्या हिरव्या शालूचा हेवा वाटला होता. वाटलं असतं तरी सांगायचं कुणाला? तसं दारच नव्हतं कुठं.

आता आहे. हे मी मनापासून म्हणते, कारण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काय काय बदललं ते मी रोज वर्गात उभी राहून पाहते. पोरींना एसटीचा पास मिळतो, शाळेत दार लागणारं स्वच्छतागृह आहे, पहिली ते आठवी दुपारचा भात मिळतो. शाळेच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत मुलांसाठीचा फोन नंबर रंगवलाय. कोण मारतंय, कोण कामाला जुंपतंय, कोण लग्न लावतंय, तर या नंबरावर सांगा. गावात मुलांसाठी समिती आहे, बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. आम्हा शिक्षकांना तालुक्याला बोलावून दिवसभर हे समजावून सांगितलं होतं. जेवण चांगलं होतं. मी सगळं लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. अश्विनी तेव्हा दुसऱ्या बाकावर बसली होती.

गेल्या फेब्रुवारीत तिचं लग्न ठरलं. सोळासुद्धा पूर्ण नव्हती. मुलगा शिराळ्याकडचा, मिलिटरीत. सुट्टीवर आला होता आणि सुट्टी संपायच्या आत उरकायचं होतं. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातली तारीख निघाली. मंगल पेढे घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मी आधी पेढा तोंडात टाकला. "वैनी, पोरगं लय गुणाचं हाय. पगार हाय, दारू न्हाई, कंच्याच गोष्टीचा नाद न्हाई. असं स्थळ परत यायचं न्हाई आमच्या दारात." मी विचारलं, "आणि दहावी?" ती म्हणाली, "ते म्हणत्यात, पुढं बसवू परीक्षेला." आणि हसली. पुढं म्हणजे कधी, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

विलासनं मांडवासाठी आमचं अंगण देऊ केलं. तानाजीनं त्याच्यासाठी किती हंगाम काढलेत. एवढं तर करायलाच हवं, असं त्याचं म्हणणं. त्यात वाईट काही नव्हतं. या सगळ्या गोष्टीत वाईट माणूस मला अजून सापडलेला नाही, आणि म्हणूनच ती मला सोडत नाही.

एके दिवशी मधल्या सुट्टीत अश्विनी रस्ता ओलांडून आमच्या मागच्या नळावर आली. मी डबा विसरले होते म्हणून घरी आले होते. ती हात धूत राहिली, धुऊन झाले तरी धूत राहिली. मग म्हणाली, "काकू, एक इचारू?"

"विचार की."

"मला परीक्षेपुरतं तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. माडीवरच्या खोलीत. कामबी करीन. तरास न्हाई द्यायची कुणाला."

मी नळ बंद केला.

"तुमी न्हाईतर विलासकाकांनी अण्णास्नी नुसतं म्हणलं, पोरीला परीक्षा दिऊ दे, मग बघू, तरी ते थांबत्याल. काकांच्या शब्दाभाईर न्हाईत ते. तुमी म्हणून बघा की, काकू."

माडीवरची खोली रिकामीच असते. मुलगा पुण्याला शिकतो, त्याची खाट आहे, टेबल आहे, टेबलावर दिवा आहे. मी मान हलवली. "बघते हं," म्हणाले. "तू अभ्यास कर. काळजी करू नको." ती हसली. तिला वाटलं, झालं काम.

विलासशी मी बोलले नाही. त्याचं काय उत्तर येईल ते मला ठाऊक होतं. ऐन हंगाम, जाळ्यांवर माल पडलेला, आणि तानाजीशी वाकडं घ्यायचं? आणि मी त्यांची पोर माडीवर ठेवून घ्यायची तर गाव काय म्हणेल, मंगल दारात बसून रडली तर मी काय करू, तो मिलिटरीवाला मुलगा आला तर कोण त्याच्यासमोर उभं राहणार? सगळं माझ्याच अंगावर आलं असतं, माझ्याच घरात, माझ्याच तोंडासमोर. दोन दिवस मी हे मनात घोळवत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेच्या प्रयोगशाळेमागं, नीलगिरीखाली उभी राहून मी भिंतीवरचा नंबर लावला.

पलीकडची बाई किती नीट बोलली. घाई नाही, कंटाळा नाही. मुलीचं नाव, वय, गाव, लग्नाची तारीख. शेवटी म्हणाली, "ताई, तुमचं नाव गुप्त राहील. तुम्ही फार चांगलं काम केलंत." मी फोन ठेवला आणि मला एकदम हलकं वाटलं. स्टाफरूममध्ये जाऊन मी डबा खाल्ला. चवळीची उसळ होती. आवडीनं खाल्ली. अजूनही चवळी केली की ती दुपार समोर येते.

अश्विनी मला काकू म्हणून काही मागत होती, आणि मी मॅडम होऊन उत्तर दिलं. त्या वेळी हे मला कळलं नव्हतं, असं लिहायचा मोह होतो. पण थोडंसं कळलं होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी आमचं अंगण बायकांनी भरलं. मांडवाला आंब्याचे डहाळे, मागं जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं, पाटावर अश्विनी. मालकीण म्हणून मला पुढं केलं. "वैनी, तुमी लावा आदूगर." मी तिच्या गालाला हळद लावली. ती माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत प्रश्न होता, पण भीती नव्हती. काकू काहीतरी करणार, अगदी शेवटी का होईना, अण्णांना बाजूला घेऊन बोलणार, असं ते बघणं. मी तिच्या दुसऱ्या गालाला हळद लावली आणि बाजूला झाले.

दुपारच्या आधी जीप आली. एक अधिकारी बाई, साध्या साडीतल्या, दोन पोलीस, त्यातली एक महिला, आणि मागून मोटारसायकलवरून आमचे ग्रामसेवक. त्यांना लग्नाचं आमंत्रण होतं. ते मान वर करत नव्हते. गाणी कुणीतरी बंद केली.

"मुलीचं वय काय?" अधिकारी बाईंनी विचारलं.

तानाजी म्हणाला, "सतरा-अठरा धरा की."

"धरून कसं चालेल, दादा? शाळेचा दाखला आहे माझ्याकडं."

विलास पुढं झाला. "मॅडम, आमच्या दारात असं नका करू. आत बसा, चहा घ्या, मी समजावतो यांना."

"जागा तुमची का? मग तुमचंही नाव लिहून घ्यावं लागेल. लग्न लावणारा, लावू देणारा, सगळेच येतात यात." आवाज चढवला नाही त्यांनी. विलास मागं सरकला.

उष्टी हळद घेऊन निघालेल्या मुलाकडच्यांना वाटेतच कळलं होतं. मुलाच्या नोकरीवर येईल म्हणून त्यांनी गाडी तिथूनच परत फिरवली. तानाजी मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्याच्यासारखा माणूस, जो आमच्यासमोर कधी खुर्चीवर बसला नाही, त्याला सगळ्या गावादेखत सही करायला लावली. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न लावणार नाही. सही केली त्यानं. हात हळदीनं पिवळा होता.

अश्विनीला सांगलीला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर न्यायचं होतं. ती महिला पोलीस तिच्याशी प्रेमानंच बोलत होती, चेहरा पुसायला टॉवेल दिला तिनं. जीपमध्ये चढता चढता अश्विनीनं गर्दीत मला शोधलं. "काकू!" मोठ्यानं हाक मारली. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दोन पावलं पुढं गेले आणि म्हणाले, "जा बाळा. काही होत नाही. ही चांगली माणसं आहेत." वर्गात सूचना द्यावी तसं.

ती माणसं खरंच चांगली होती. ते मला आजही नाकारता येत नाही. सांगलीला समितीपुढं तिला विचारलं, घरी जायचंय का? मंगल आणि तानाजी समोर बसले होते. अश्विनी म्हणाली, घरी गेले तर मामाच्या गावाला नेऊन लग्न लावतील, मला परीक्षा द्यायची आहे. आईबापासमोर म्हणाली. समितीनं तिला सांगलीतल्या बालगृहात ठेवलं. तानाजी घरी आला आणि बायकोला म्हणाला, आपल्याला आता एकच पोरगी, प्राजक्ता. मोठीचं नाव घरात काढायचं नाही. हे मला आमच्या शेडवरच्या बायकांनी सांगितलं. मंगल सांगायला आलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कामालाही आली नाही. फोन करणारीचं, म्हणजे माझं, नाव गुप्त राहिलं होतं. कागदावर ते कुठंच नाही. पण मंगलनं माझा चेहरा पाहिला होता, जीप निघाली तेव्हा.

मांडव उतरवल्यावर विलासनं विचारलं, "तू केलास का फोन?"

"हो."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर?"

त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "नको म्हटलं असतं." आणि उठून शेडकडं गेला. त्या हंगामाची धुरी त्यानं स्वतः दिली. तानाजी दुसऱ्याच्या शेडवर गेला होता.

पहिला पेपर मराठीचा. परीक्षा केंद्र तासगावला. मी मुलांना सोडायला गेले होते. बालगृहातल्या एक बाई अश्विनीला घेऊन एसटीतून उतरल्या. नवा ड्रेस, नवी चप्पल, हातात पारदर्शक पाऊच. आमच्या वर्गातल्या पोरी एकमेकींना ढोसत होत्या. कुणी तिच्याजवळ गेलं नाही, आणि तीही कुणाजवळ गेली नाही. तिच्या कानामागं हळदीचा पिवळा डाग अजून होता. मी म्हटलं, "शेवट नीट कर हं निबंधाचा." ती म्हणाली, "हो, मॅडम." दारातून आत गेली. मी गेटवर पेपर सुटेपर्यंत उभी राहिले, आणि सुटल्यावर ती मागच्या दारानं गेल्याचं शिपायानं सांगितलं.

चांगल्या मार्कांनी पास झाली. शाळेच्या फळ्यावर तिचं नाव मीच लिहिलं.

वर्षभर मी स्वतःशी वाद घालत आले. मी माडीवर ठेवून घेतली असती तर? परीक्षा झाली असती, आणि मे महिन्यात लग्न. विलासच्या शब्दाला मार्चपर्यंतचीच ताकद होती. कायद्याच्या शब्दाला अठरा वर्षांपर्यंतची. म्हणजे मी बरोबर केलं. शाळेत सगळे तेच म्हणतात, मुख्याध्यापकांनी तर बैठकीत कौतुक केलं. मग मला प्रश्न पडतो, की दोन्ही का नाही केलं? आधी दार उघडायचं, विलासशी भांडायचं, मंगलला समोर बसवून सांगायचं की हे मी होऊ देणार नाही, आणि तरीही नाही ऐकलं तर माझ्या तोंडानं सांगून फोन करायचा. कायद्यानं मला काही अडवलं नव्हतं. इतकी वर्षं भांडून लोकांनी मुलांसाठी ते दार उभं केलं, आणि मी ते माझं दार लावून घ्यायला वापरलं.

यंदा होळी झाल्यावर एका कामासाठी सांगलीला गेले होते. काम लवकर आटोपलं, म्हणून बालगृहात गेले. पावसाळ्यात एकदा गेले होते, पुस्तकं दिली होती. तेव्हा ती फार बोलली नव्हती. या वेळी अधीक्षिकांनी तिला ऑफिसबाहेरच्या बाकावर माझ्यासोबत बसू दिलं. अकरावीला आहे, केस कापलेत, उंच दिसते. हॉलमध्ये खाटांची रांग, प्रत्येकीवर एक पत्र्याची पेटी, दोरीवर फ्रॉकपासून ओढणीपर्यंत सगळ्या वयांचे कपडे. एक अगदी लहान पोर तिच्या गुडघ्याला चिकटून उभी होती आणि माझ्याकडं टक लावून बघत होती.

मी अभ्यासाचं विचारलं, कॉलेजचं विचारलं, पुढं काय करणार विचारलं. मग जे वर्षभर मनात होतं ते बोलले. "आशी, मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याकडं ये. माडीवरच्या खोलीत. मी समितीला अर्ज करते, रीतसर. चौकशीला येऊ देत घरी."

तिनं त्या लहान पोरीच्या केसातली क्लिप नीट केली. "नको, मॅडम."

"का गं? रागावलीस?"

"न्हाई. तुमी बरोबरच केलं. सगळी तसंच म्हणत्यात, मलाबी पटतंय आता. पण तवा मी फोन करायला सांगायला न्हवते आले."

मी त्या लहान पोरीकडं बघू लागले.

"आणि हितं मला बरं हाय," ती म्हणाली. "वरणात पाणी असतंय, पंखा बंद पडतोय, हितल्या मॅडम वरडत्यात. पण खाट माझी हाय. हितं मला कुणी ठेवून घेतल्यालं न्हाई, मी हाय म्हणून हाय. तुमच्याकडं आले तर तुमच्या जिवावर ऱ्हावं लागंल. उठताबसता वाटत ऱ्हाईल, काकूंनी ठेवलंय."

दर चौदा नोव्हेंबरला मी मुलांकडून भाषणं पाठ करून घेते. बालकांचे हक्क. शिक्षणाचा, संरक्षणाचा, विकासाचा, सहभागाचा. इतकी वर्षं लिहून दिलेला हक्क हा शब्द मला त्या बाकावर बसून समजला, आणि तो समजावणाऱ्या पोरीचं घर मात्र त्यात गेलं होतं. अठरा झाली की इथूनही निघावं लागेल. मग कुठं, मी विचारलं. म्हणाली, "बघू. एक हॉस्टेल हाय म्हणत्यात. आजून कुणाला नक्की ठाव न्हाई."

निघताना तिनं विचारलं, "प्राजी शाळेत येती का?"

प्राजक्ता आठवीत, माझ्याच शाळेत. होळीपासून आली नव्हती. हजेरी घेताना मी तिच्या नावापुढं गैरहजर लिहीत होते, रोज. सांगितलं तसं.

"माझं ऱ्हाऊ द्या," अश्विनी म्हणाली. "तिचं बघा. पण तुमी जावा, मॅडम. जीप नका धाडू."

तासगावच्या एसटीत खिडकीला बसले. माधवनगर गेलं, मग बागा लागल्या. बऱ्याच छाटून बोडक्या झाल्या होत्या, कुठं कुठं घड अजून लटकत होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत क्रेट रचलेले. प्रत्येक शेडच्या सावलीत बायका गोल करून बसलेल्या, आणि त्यांच्याशेजारी हमखास एखादी पोरगी. आधीही असायच्या. मी कधी मोजल्या नव्हत्या आणि आजही मोजल्या नाहीत, फक्त नजर वळवली नाही.

फाट्यावर उतरले आणि घराकडं न जाता पाटाच्या कडेनं मंगलच्या घराकडं वळले. ऊन कललं होतं. इतक्या वर्षांत तिच्या घरी मी कधी गेले नव्हते. तीच माझ्याकडं यायची. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी. पडवीत पोतं अंथरून मंगल बसली होती, समोर बेदाण्याचा ढीग. कुणाच्या तरी शेडचा माल घरी आणून निवडत होती. प्राजक्ता तिच्याशेजारी. मला बघून पोरगी उठली आणि आत गेली.

मंगलचे हात थांबले नाहीत. "या वैनी," म्हणाली नाही. म्हणाली, "आता कुणाला बोलवणार हाय? पोलिसास्नी?"

"कुणाला न्हाई. एकटीच आलीय."

"कशाला?"

माझ्याकडं उत्तरं होती. चौदा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं आहे, पोरीला कामाला लावणं गुन्हा आहे, गैरहजेरी फार झाली आहे. सगळी खरी. मी म्हटलं, "बसायला."

मी चप्पल काढली आणि पोत्याच्या कडेला बसले. तिनं सरकून जागा केली नाही आणि ऊठही म्हणाली नाही. थोड्या वेळानं मी समोरच्या ढिगातले बेदाणे घेतले आणि काड्या काढू लागले. इतकी वर्षं शेडची मालकीण असून मला ते पटकन जमत नव्हतं. मंगलनं एकदा बघितलं आणि माझ्या निवडलेल्यातून दोन काळे मणी उचलून बाजूला टाकले.

"प्राजीचं लगीन न्हाई ठरवलं," ती म्हणाली. "भ्या नका. पण शाळेत घातली म्हणून माझी एक गेली. दुसरी मी घरात डोळ्यांम्होरं ठेवणार."

"मंगल, फोन मी केला होता."

"ठाव हाय की."

"तुला आधी सांगायला पाहिजे होतं. तुझ्यापाशी येऊन बसायला पाहिजे होतं, असं."

तिनं ढिगातली आणखी एक मूठ पुढं ओढली. मग विचारलं, "गेलता का तिच्याकडं?"

"आत्ता तिथूनच आले."

तिचे हात थांबले. वर्षभरात पहिल्यांदा तिनं माझ्याकडं नीट पाहिलं.

"जेवती का नीट? भेंडी खात न्हाई ती. ताटात पडली तर उपाशी उठती. कुणी बघतं का तिथं?"

मला ठाऊक नव्हतं. मी अभ्यासाचं विचारलं होतं, कॉलेजचं विचारलं होतं, सुट्टीचं विचारलं होतं. वरणात पाणी असतं, असं तीच म्हणाली होती आणि मी पुढं काहीच विचारलं नव्हतं. मी तसं सांगितलं. खोटं बोलून मंगलला समाधान देता आलं असतं, पण ते जमलं नाही.

"पुढच्या खेपेला विचारून येते," मी म्हणाले.

"तुमी नको." मंगलनं पदरानं हात पुसले, एक एक बोट. "मलाच घिऊन चला."

"तानाजी?"

"त्येंचं मी बघती. रविवारी चला."

"चल. रविवारी पहिल्या एसटीनं," मी म्हटलं.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. प्राजक्ता दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कुणाला उद्देशून ते न ठरवता हळूच म्हणाली,

"मीबी येऊ?"